मैदानावरची माणसं : एका हाताचा जिम

दोस्तांनो, आज आधी एक छोटासा प्रयोग करायचा आणि मगच पुढे वाचायचं. लेसचा बूट घ्या. उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा. आता ती अजिबात न उघडता, फक्त डाव्या हाताने बुटाची लेस बांधा. जे डावखुरे असतील त्यांनी डावी मूठ आवळायची. दातांची मदत घ्यायची नाही, लबाडी चालणार नाही हं! आणि आई-बाबांनाही करायला लावा.

काय, जमलं? पहिल्या फटक्यात बहुतेकांना जमत नाही. लेस सुटते, बूट सरकतो, थोडा रागही येतो. तो राग लक्षात ठेवा. कारण आज ज्याच्याशी तुमची ओळख करून देणार आहे, त्याला अशी कामं रोजच एका हाताने करावी लागत. शर्टाची बटणं, पावाला लोणी लावणं, वहीचं पान फाडणं, सगळंच.

त्याचं नाव जिम ॲबट. अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे, तिथे फ्लिंट हे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. जिमचा जन्म १९ सप्टेंबर १९६७चा. जन्मतःच त्याच्या उजव्या हाताला पंजा नव्हता. मनगटाशी हात संपत होता. आणि हा मुलगा मोठा होऊन झाला काय, तर बेसबॉलचा पिचर! तोही गल्लीतल्या टीमचा नव्हे, थेट अमेरिकेच्या मेजर लीगमधला.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? चेंडू तर एकाच हाताने टाकायचा असतो. क्रिकेटचा बोलर नाही का एका हाताने बोलिंग करत?

बरोबर! प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून आधी बेसबॉल थोडासा समजून घेऊ.

पिचर म्हणजे बेसबॉलचा बोलर. मात्र तो धावत येत नाही. मैदानाच्या मधोमध मातीचा छोटा उंचवटा असतो, त्यावर उभं राहून तो चेंडू फेकतो. टप्पा टाकायचा नाही, कोपर वाकवायला बंदी नाही. पिचर आणि बॅटर यांच्यामधलं अंतर असतं ६० फूट ६ इंच. आपली क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. म्हणजे अंतर त्याहून कमीच! मोठे पिचर ताशी ९० मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे १४५ किलोमीटर वेगाने चेंडू फेकतात. बॅटरने तो जोरात टोलवला आणि सरळ पिचरच्या दिशेने आला, तर पिचरपाशी पोचायला त्याला अर्धा सेकंदही लागत नाही. 'एक' म्हणेपर्यंत चेंडू छातीवर!

म्हणून बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षक हातात चामड्याचा मोठा ग्लव्ह घालतो. पिचरसुद्धा. एका हाताने चेंडू फेकायचा आणि दुसऱ्या हातातल्या ग्लव्हने तो अडवायचा. जिमपुढचं कोडं नेमकं इथेच होतं. त्याचा फेकायचा हात आणि झेलायचा हात एकच, डावा! मग ग्लव्ह घालायचा कुठे?

हे कोडं जिमने लहानपणी वडिलांच्या मदतीने सोडवलं. चेंडू फेकताना ग्लव्ह उजव्या मनगटाच्या टोकावर नुसता टेकवून ठेवायचा. डाव्या हाताने चेंडू फेकला रे फेकला, की तोच डावा हात झटकन ग्लव्हमध्ये घालायचा. चेंडू आला तर झेलायचा. मग ग्लव्ह उजव्या काखेत दाबून डावा हात बाहेर काढायचा, त्याच हाताने चेंडू काढायचा आणि फेकायचा. वाचायलाच इतका वेळ लागला ना? जिम हे सगळं डोळ्यांचं पातं लवतं न लवतं तोच करायचा.

पण ते काही आपोआप आलं नाही. घराच्या विटांच्या भिंतीवर तो तासन्‌तास चेंडू मारत बसायचा. फेक, ग्लव्ह घाल, झेल, काढ, फेक. जमायला लागलं की भिंतीच्या आणखी जवळ जायचा, म्हणजे चेंडू जास्त लवकर परत येईल. पुन्हा जमलं की आणखी एक पाऊल पुढे. त्याच्यासाठी अवघड करून देणारं दुसरं कुणी नव्हतं. आपला पेपर तो आपणच कठीण काढत होता म्हणा ना!

शाळेतले दिवस सोपे नव्हते. लहानपणी त्याला लोखंडी हुक असलेला कृत्रिम हात बसवला होता. मुलं त्यावरून चिडवायची. शेवटी त्याने तो हात काढूनच ठेवला. आहे तसा हात घेऊन तो शाळेत जाऊ लागला.

आणि इथे मला त्याच्या तिसरीतल्या सरांची आठवण सांगितल्यावाचून राहवत नाही. जिमला बुटाची लेस बांधता येत नव्हती. ती सुटली की कुणाला तरी सांगावं लागायचं. ते सर एके दिवशी घरी गेले, आपला एक हात मिटून घेतला आणि एका हाताने लेस बांधायचा सराव करत बसले. जमेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी जिमला वर्गाबाहेर बोलावलं. दोघे बाहेर बसले आणि सरांनी त्याला ती रीत शिकवली. मोठा झाल्यावर जिमने मोठमोठ्या सभांमधून ही आठवण सांगितली आहे.

पालकहो, या सरांनी काय केलं आणि काय केलं नाही, ते बघण्यासारखं आहे. त्यांनी जिमची लेस बांधून दिली नाही. ते फार सोपं होतं, अर्ध्या मिनिटाचं काम. 'बिचारा' म्हणून हळहळही केली नाही. त्यांनी आधी स्वतःला त्याच्या जागी ठेवून पाहिलं. मीही प्राथमिक शाळेत शिकवते. एखाद्या मुलाचं अडलेलं काम पटकन करून टाकायचा मोह मलाही होतो. मागे तीस-चाळीस पोरं गलका करत असली की तर विचारूच नका! पण मूल शिकतं ते त्या वाट बघण्यातच.

पुढे हायस्कूलमध्ये जिम पिचर झाला. समोरच्या टीमला वाटलं, याला एकच हात आहे, तर याला पळवू या. बेसबॉलमध्ये 'बंट' नावाचा फटका असतो. बॅट नुसती आडवी धरायची आणि चेंडू पिचरच्या पुढ्यात हळूच सोडायचा. मग पिचरला धावत येऊन चेंडू उचलावा लागतो आणि फेकावा लागतो. एका सामन्यात म्हणे ओळीने आठ बॅटर बंट करायला आले. पहिला सुटला. नंतरचे सातही जिमने बाद केले! भिंतीपाशी घालवलेले ते तास असे कामाला आले.

हायस्कूलच्या टीममध्ये जिम बॅटिंगही करायचा. शेवटच्या वर्षी त्याने सात होमरन मारले. शिवाय अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये तो क्वार्टरबॅक होता, म्हणजे सगळ्या टीमला चाल सांगणारा आणि चेंडू फेकणारा खेळाडू.

मग मिशिगन विद्यापीठ. १९८७ साली अमेरिकेची टीम क्युबाला गेली. क्युबा म्हणजे त्या काळचा हौशी बेसबॉलमधला वाघ. हवाना शहरात, त्यांच्या घरच्या मैदानावर जिमने त्यांना हरवलं. असं करणारा तो २५ वर्षांतला पहिला अमेरिकन पिचर. त्याच वर्षी पॅन-अमेरिकन स्पर्धेच्या उद्‌घाटनाला अमेरिकेचा झेंडा घेऊन तो सगळ्यांच्या पुढे चालला. देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूला मिळणारं सलिव्हन पारितोषिकही त्यालाच मिळालं. १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये बेसबॉल प्रात्यक्षिक खेळ म्हणून होता. अंतिम सामना जपानशी. जिमने पूर्ण सामना एकट्याने टाकला आणि अमेरिका ५-३ अशी जिंकली.

साधारणपणे नवे खेळाडू आधी धाकट्या लीगमध्ये दोन-चार वर्षं काढतात. जिम मात्र थेट मेजर लीगमध्ये, कॅलिफोर्निया एंजल्स या टीममध्ये दाखल झाला. एप्रिल १९८९मध्ये पहिला सामना खेळला आणि... हरला! पण ते वर्ष संपलं तेव्हा त्याच्या नावावर १२ विजय होते. (बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय किंवा पराभव पिचरच्या नावावर लिहितात.) १९९१ साली तर १८ विजय. त्या वर्षी अमेरिकन लीगच्या सर्वोत्तम पिचरसाठी जे मतदान झालं, त्यात तो तिसरा आला.

१९९३मध्ये तो न्यूयॉर्क यांकीज या टीममध्ये आला. आता ऐका त्या वर्षाची गंमत. ऑगस्टच्या शेवटी क्लीव्हलंड इंडियन्स (ही टीम आता गार्डियन्स या नावाने खेळते) यांच्याविरुद्धच्या सामन्यात जिमची अक्षरशः धुलाई झाली. चार डावही पुरे झाले नाहीत, तोवर १० हिट आणि ७ धावा! त्याला बाहेर बोलावून घेतलं. अवघ्या सहा दिवसांनी, ४ सप्टेंबरला, समोर पुन्हा तीच टीम. या वेळी मैदान यांकी स्टेडियम.

पहिल्या डावापासून एकाही बॅटरला हिट मिळेना. पाच डाव झाले, सहा झाले. सातव्या डावात एक फटका निसटलाच होता, पण वेड बॉग्जने सूर मारून तो अडवला. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात, २७ जणांना बाद करायचं असतं. संपूर्ण सामन्यात समोरच्या टीमला एकही हिट मिळू द्यायचा नाही, याला 'नो-हिटर' म्हणतात. भलेभले पिचर आयुष्यभर खेळतात, पण त्यांच्या वाट्याला तो येत नाही.

नववा डाव. पहिला बॅटर केनी लॉफ्टन, वाऱ्यासारखा पळणारा. त्याने काय करावं? बंटचा प्रयत्न! शाळेतलीच जुनी युक्ती. प्रेक्षकांनी आरडाओरडा करून नाराजी दाखवली. तो बंट रेषेबाहेर गेला आणि मग लॉफ्टन बाद झाला. दुसऱ्याचा फटका खूप लांब गेला, पण सीमेजवळ झेलला गेला. तिसरा कार्लोस बायर्गा. चेंडू जमिनीवरून सरपटत शॉर्टस्टॉपकडे, तिथून पहिल्या बेसकडे आणि सामना खलास! यांकीज ४-०ने विजयी. क्लीव्हलंडचे हिट : शून्य.

इथेच गोष्ट संपवली तर सिनेमा होईल. पण खरं आयुष्य सिनेमासारखं थांबत नाही ना! १९९६ साली जिम पुन्हा एंजल्सकडे होता. त्या वर्षी त्याने सामने जिंकले फक्त २ आणि हरला १८. चेंडूचा वेग कमी झाला होता. पुढच्या वर्षी टीमने त्याला सोडून दिलं आणि १९९७चं वर्ष त्याने घरी काढलं. १९९८मध्ये, वयाच्या तिशीत, तो धाकट्या लीगमध्ये जाऊन पोरसवदा खेळाडूंबरोबर खेळला. एकेक पायरी चढत वर आला आणि शिकागो व्हाइट सॉक्ससाठी ओळीने ५ सामने जिंकला. १९९९चं शेवटचं वर्ष मिलवॉकी ब्रुअर्सकडे. ती टीम नॅशनल लीगमधली, आणि तिथे तेव्हा पिचरलाही बॅटिंग करावी लागे. एका हाताच्या जोरावर मेजर लीगच्या पिचरांसमोर उभं राहून जिमने २१ संधींत २ हिट मिळवले!

आता आकडे मांडू. एकूण विजय ८७, पराभव १०८. प्रगतिपुस्तकात लिहायचं झालं तर पन्नास टक्केही भरत नाहीत. मग जिम पास की नापास?

उत्तर देण्याआधी आणखी एक माहिती. जिम ज्या-ज्या गावी खेळायला जाई, तिथे आई-वडील आपल्या मुलांना घेऊन त्याला भेटायला येत. कुणाला हात नसे, कुणाला बोटं नसत. पत्रं तर ढिगाने. जिम त्या मुलांना भेटायचा, पत्रांना उत्तरं द्यायचा. हरलेल्या दिवसांतही. त्या मुलांना त्याच्याकडे बघून समजायचं की, आपल्यासारखा हात असलेला माणूस त्या उंचवट्यावर उभा राहू शकतो. जिंकूही शकतो आणि बाकीच्यांसारखा हरूही शकतो. हरण्याचा हक्कसुद्धा मोठा असतो बरं का! 'याला जमणार नाही' म्हणून ज्याला खेळायलाच घेत नाहीत, त्याला तो कुठून मिळणार?

तुमच्या वर्गात, गल्लीत असं कुणी आहे का, ज्याला तुम्ही नेहमी स्कोअर लिहायला बसवता? किंवा 'तू कच्चा लिंबू' म्हणून बाजूला ठेवता? एकदा त्याला विचारून तर बघा, "तुला काय खेळायला आवडेल?" आणि खेळायला घेतलंत की मुद्दाम सोपा चेंडू टाकू नका.

जिम आता निवृत्त आहे. त्याची मुलगी बालवाडीत होती, तेव्हा पालकांनी वर्गात येऊन आपापल्या कामाबद्दल बोलायचं, असा एक दिवस होता. जिम बेसबॉलबद्दल बोलला. मग कुणाला काही विचारायचंय का, असं म्हटल्यावर त्याच्या मुलीनेच हात वर केला आणि विचारलं, बाबा, तुम्हाला तुमचा छोटा हात आवडतो का?

इतकी वर्षं लोकांनी त्याला हजार प्रश्न विचारले होते, पण हा कुणी विचारला नव्हता. जिमने थोडा विचार केला आणि हो म्हणून सांगितलं. नेहमीच आवडत होता असं नाही, सगळं नेहमी सोपं होतं असंही नाही, पण या हाताने मला पुष्कळ काही शिकवलंय, अशा अर्थाचं तो बोलला.

तर दोस्तांनो, जिम पास की नापास, हे तुम्ही ठरवा आणि पत्राने कळवा. सोबत घरात कुणाला किती वेळात एका हाताने लेस बांधता आली, तेही लिहा. आणि हो, बाबांना जमली नसेल तर तेसुद्धा लिहायचं, लपवायचं नाही!