आडवी बाटली हॉलमध्ये की कपाटात?

नवीन फ्लॅट घेतला की सुताराला द्यायच्या यादीत हल्ली देवघर, टीव्ही युनिट आणि चपलांच्या कपाटाबरोबर वाइन रॅकही असतो. दिवाळीच्या भेटीत आलेल्या दोन बाटल्या, नाशिकच्या सहलीतून आणलेल्या तीन आणि जावयाने विमानतळावर घेतलेली एक. एवढ्या भांडवलावर सोफ्याच्या मागे चोवीस खणांचा शिसवी रॅक उभा राहतो. रिकामे खण बरे दिसत नाहीत, म्हणून मग ते भरायचे!

वाइनच्या नावाने नाक मुरडायला मी बसलेले नाही. राज्याने २००१ मध्ये तिच्यासाठी खास धोरण आणलं, नाशिक-दिंडोरीच्या कितीतरी द्राक्षबागांचा माल तिथे जातो. घ्यायची की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. माझं म्हणणं फक्त रॅकपुरतं आहे. घरात बाटली असेल तर तिला जागा द्या, पण हॉलमधली दर्शनी भिंत देऊ नका.

आधी वाइनच्याच बाजूने बोलते. तिला उजेड, उकाडा आणि हादरे तिन्ही सोसत नाहीत. बारा ते चौदा अंश तापमान तिला मानवतं आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. खिडकीसमोर ऐटीत मांडलेली बाटली दोन उन्हाळ्यांत बिघडलीच समजा. फ्रिजवर ठेवायचे छोटे रॅक मिळतात, ते तर सगळ्यात वाईट. खाली मोटरची थरथर आणि मागून तिची धग! बाटली आडवी ठेवतात ती बूच ओलं राहावं म्हणून. बूच सुकलं की आक्रसतं आणि आत हवा शिरते. पण आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांना आता फिरकीचं पत्र्याचं झाकण असतं, त्यांना आडवं पाडायचं कारणच नाही. आणि जितकी जुनी तितकी चांगली, हे थोड्याच वाइनच्या बाबतीत खरं. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या दोन-तीन वर्षांत संपवण्यासाठीच असतात. तेव्हा चोवीस खणांचं करायचं काय?

आपल्या आज्यांनी लोणच्याची बरणी दादरा बांधून कुठे ठेवली असती? माजघराच्या अंधाऱ्या, थंड कोपऱ्यात, जमिनीलगत. वाइनचीही जागा तीच. फ्लॅटमध्ये माजघर नाही, पण उन्हं न येणाऱ्या भिंतीचं, गॅसपासून लांबचं कपाट असतं. त्याचा खालचा खण पुरे.

आता दुसरी बाजू, आणि माझ्या दृष्टीने ही मोठी. बचतगटांच्या कामानिमित्त मी खेड्यांतून फिरते. आपल्या राज्यात पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, तर गावातलं परवान्याचं दारू दुकान बंद करण्यासाठी मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीवर शिक्का म्हणजे दुकान बंद. त्यासाठी निम्म्याहून अधिक महिला मतदारांची मतं लागतात. एकेका मतासाठी मजुरी बुडवून उन्हात फिरलेल्या बायका मी पाहिल्यात. थोडक्यात हरल्यावर, आता घरी काय वाढून ठेवलंय या धास्तीने उंबऱ्याशी घुटमळलेल्याही पाहिल्यात.

त्यांच्याच बहिणी-भावजया शहरात आपल्याकडे धुणी-भांडी करतात. आपल्या हॉलमधल्या आडव्या बाटल्या एकेक उचलून फडक्याने पुसायचं काम त्यांचंच. अशाच एकीला मालकीणबाईंनी समजावलं होतं, 'अगं, ही वाइन आहे, दारू नव्हे.' ती मला म्हणाली, 'ताई, मग आमच्या घरी येते तीच तेवढी दारू का?'

मला उत्तर देता आलं नाही, कारण ते नाहीच. व्हिस्कीत मद्यार्क बेचाळीस टक्क्यांच्या आसपास, वाइनमध्ये बारा-चौदा, पण पदार्थ एकच. २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याच्या निर्णयावरून गदारोळ झाला, तेव्हाही 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हेच पालुपद होतं. मद्याचं कुठलंही प्रमाण तब्येतीला निर्धोक नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं. मद्याने स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढतो, हे तर आपल्या मैत्रिणींना कुणी सांगतच नाही. 'हृदयाला चांगली असते' एवढं मात्र सगळ्यांना पाठ!

आणि घरातली मुलं? कायद्याने वाइनसाठी एकवीस वर्षं पूर्ण लागतात, प्यायचा परवाना काढावा लागतो तो वेगळाच. दहावीतल्या मुलाने रोज अभ्यासाला बसताना समोर ती रांग बघायची आणि आपण त्याला संयम शिकवायचा, हे काही जमत नाही.

तेव्हा सुताराला सांगायचंच असेल तर सहा खण सांगा. प्रत्येक खण दहा सेंटिमीटर उंच-रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल, म्हणजे जाड बाटलीही मावते. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास भरते, तेव्हा फळी मजबूत हवी. दार लाकडी आणि कुलूप लागणारं. तो काचेचं दार सुचवेल, आत छोटा दिवाही बसवून देतो म्हणेल. नको म्हणा.