मुठीत मावणारा फोन

एरवी दर आठवड्याला या सदराच्या वाट्याला दोन रकाने येतात. दिवाळी जवळ आली की संपादकांचे अंतःकरण विशाल होते आणि पानेच्या पाने मोकळी मिळतात. अशा वेळी विषयही मोठा घ्यावा, असा शिष्टाचार आहे. परंतु यंदा मी मुद्दाम लहान विषय घेतला आहे. इतका लहान, की तो सदऱ्याच्या वरच्या खिशात मावतो. कारण गेल्या दोन महिन्यांत ओळखीच्या निदान चार माणसांनी मला एकच प्रश्न केला: "तुमच्याजवळ तो छोटा पण भारी फोन आहे ना? या दिवाळीत आम्हीही घ्यावा म्हणतो. कसा काय आहे?"

या प्रश्नाचे उत्तर 'चांगला आहे' एवढेच देऊन मोकळे होता येत नाही. कुणासाठी चांगला, हे आधी ठरवावे लागते.

प्रथम आपण कोणत्या वस्तूविषयी बोलतो आहोत ते पाहू. आरमारात ज्या जहाजावर सेनानीचे निशाण फडकते त्याला फ्लॅगशिप म्हणतात. फोनच्या बाजारानेही हा शब्द उचलला. कंपनीचा त्या वर्षीचा सर्वांत अव्वल फोन तो तिचा फ्लॅगशिप. आता लहान फोन पुष्कळ असतात. पण बहुतेक वेळा ते लहान म्हणून स्वस्त, आणि स्वस्त म्हणून मंद असतात. आपला विषय तो नव्हे. अंगकाठी लहान, पण आत प्रोसेसर आणि कॅमेरा थोरल्या भावाचाच, असा जो वामनावतार, तो आपला विषय. सोनीने २०१४ साली एक्सपीरिया झेड-१ कॉम्पॅक्ट काढला तो असा: पडदा ४.३ इंचांचा, पण प्रोसेसर आणि २०.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा मोठ्या झेड-१ चाच. पुढे २०१६ साली अ‍ॅपलने चार इंची आयफोन एसई आणला, २०२० साली आयफोन १२ मिनी आणि २०२१ साली १३ मिनी. त्या १३ मिनीची आपल्याकडची सुरुवातीची किंमत ६९,९०० रुपये होती. साध्या १३ची ७९,९००. प्रोसेसर तोच, मागचे दोन कॅमेरेही तेच. दहा हजार रुपये कमी झाले ते केवळ देहाचे.

एवढे पैसे मोजून माणूस लहान वस्तू घरी आणतो, तेव्हा शेजारीपाजारी सहानुभूतीने पाहतात. "एवढ्या पैशांत एवढासाच?" हा प्रश्न मला इमारतीच्या तीन मजल्यांवर विचारला गेला. चौथ्या मजल्यावर मीच गेलो नाही.

आता गुण सांगतो. पहिला गुण म्हणजे तो एका हातात वापरता येतो. ज्यांचा प्रवास मोटारीतून होतो त्यांना याची किंमत कळायची नाही. सकाळच्या लोकलमध्ये एक हात वरच्या कडीला अडकवून उभ्या असलेल्या माणसाला दुसरा हात एकच असतो, आणि त्या हाताच्या अंगठ्याला पडद्याचे चारही कोपरे गाठता आले पाहिजेत. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुकानदार जे इंच सांगतो ते पडद्याच्या कर्णाचे, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतचे. हाताला मात्र कर्ण कळत नाही, रुंदी कळते. २०११ साली सॅमसंगने गॅलेक्सी नोट काढला तेव्हा त्याच्या ५.३ इंची पडद्याला लोक हसले होते. २०२०चा 'मिनी' भरला ५.४ इंच! मग हसणारे मूर्ख होते काय? मुळीच नाही. तो नोट रुंदीला सुमारे ८३ मिलिमीटर होता आणि मिनी ६४. मधल्या काळात फोन उंच आणि सडपातळ झाले. म्हणून फोन घेताना इंच विचारू नका, रुंदीचे मिलिमीटर विचारा. सत्तरच्या आत असेल तर मध्यम हाताला तो आपला वाटतो. ७८च्या आसपास गेला की दुसऱ्या हाताची मदत लागतेच.

दुसरा गुण वजनाचा. १३ मिनी १४० ग्रॅमच्या आसपास भरे, आणि त्याच घराण्यातला प्रो मॅक्स २४०च्या. अंथरुणावर उताणे पडून वाचता वाचता डोळा लागला आणि फोन नाकावर पडला, की हा शंभर ग्रॅमांचा फरक फार चांगला समजतो. शिवाय आपल्याकडे दिवाळीत वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे लागते. वाकल्याबरोबर मोठा फोन वरच्या खिशातून निघून आजोबांच्या पायांवर साष्टांग नमस्कार घालतो. लहान फोन खिशात तळापर्यंत जातो आणि तेथेच राहतो. आमच्या सौ.चे म्हणणे असे, की बायकांच्या कपड्यांना खिसाच ठेवीत नाहीत, तेव्हा हा गुण पुरुषांनी पुरुषांना सांगावा. पण तिनेही एवढे कबूल केले, की भाजीला जाताना लहान फोन पैशांच्या बटव्यात बसतो आणि पर्स न्यावी लागत नाही.

तिसरा गुण जाहिरातीत नसतो. लहान पडद्यावर काम होते, पण करमणूक पुरेशी होत नाही. त्यावर सिनेमा पाहण्यात रस वाटत नाही, एकामागून एक चित्रफिती ढकलीत बसले की मान आणि डोळे दोन्ही तक्रार करतात. परिणामी माणूस फोन खाली ठेवतो. हातात मावतो म्हणून तो चांगला, आणि मन त्यात मावत नाही म्हणून अधिक चांगला.

असे असूनही त्या चार परिचितांना मी लगेच 'घ्या' का म्हटले नाही, ते आता सांगतो.

यंदाच्या आषाढात आईला चार दिवस इस्पितळात ठेवावे लागले. पूर्वी अशा प्रसंगी इस्पितळात बसणाऱ्याला फक्त बसावे लागे. आता सगळे इस्पितळ त्याच्या फोनमध्ये असते. तपासणीचे अहवाल व्हॉट्सॲपवर, औषधांचे पैसे यूपीआयने, विम्याच्या मंजुरीचा संदेश फोनवर, पुण्याच्या बहिणीला दर तासाला खबर फोनवर. पहिल्याच दिवशी सायंकाळी सात वाजता, खालच्या औषधांच्या दुकानातून इंजेक्शने आणायची होती आणि मोठे डॉक्टर फोन करणार होते, नेमक्या त्या वेळी माझ्या मुठीतल्या फोनने डोळे मिटले. वॉर्डातले प्लग यंत्रांनी अडवलेले. खिशात तीनशे रुपये. शेवटी सौ.चा भला थोरला फोन, ज्याला मी घरात 'पाट' म्हणतो, तो उपयोगी पडला. सकाळपासून तितकाच राबूनही त्याच्यात निम्मी बॅटरी शिल्लक होती. इंजेक्शने आली. डॉक्टरांचा फोनही मग त्याच पाटावर आला.

याला नशीब म्हणून चालणार नाही. यामागे साधा हिशेब आहे. १३ मिनी आणि १३ प्रो मॅक्स यांची जाडी अगदी सारखी, ७.६५ मिलिमीटर. लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर लहान्याचे क्षेत्रफळ थोरल्याच्या दोन तृतीयांश भरते. पण बॅटरी? थोरल्याची सुमारे ४,३५० मिलिअँपिअर-तास आणि धाकट्याची सुमारे २,४४०, म्हणजे दोन तृतीयांशही नाही. हे कसे, ते चाळीत राहिलेल्यांना ताबडतोब समजेल. बिऱ्हाड चार खोल्यांचे असो की दोन, मोरी, ओटा आणि देवघर यांना ठरावीक जागा लागतेच. बिऱ्हाड लहान झाले की कात्री लागते ती बसाय-उठायच्या खोलीला. फोनमध्येही कॅमेरे, मुख्य पट्टी, ध्वनिक्षेपक ही मंडळी आपली जागा सोडत नाहीत. संकोच होतो तो बॅटरीचा. पडदा लहान असल्याने खर्च थोडा कमी होतो हे खरे, पण तूट भरून निघत नाही. सलग चित्रपट दाखविण्याची अ‍ॅपलने स्वतः दिलेली मुदतच मिनीला १७ तास आणि प्रो मॅक्सला २८ तास आहे.

याचा दुसरा परिणाम सावकाश दिसतो. आयफोन १४पर्यंतच्या फोनांबद्दल अ‍ॅपल सांगते, की पाचशे वेळा पूर्ण भरून रिकामी झाल्यावर बॅटरीची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांवर येईल, अशा बेताने ती केलेली असते. आता समजा, दिवसभराच्या कामाला लहान फोनची बॅटरी रोज पूर्ण संपते. त्याचे पाचशे फेरे सोळा-सतरा महिन्यांत झाले. तेवढ्याच कामाला मोठ्याची साठ टक्के लागते, म्हणून त्याला सत्तावीस महिने मिळतात. लहान चणीच्या माणसावर मोठ्या घराचा भार टाकला तर तो लवकर थकतो, तसेच हे. शिवाय प्रोसेसर तोच आणि उष्णता बाहेर टाकायला अंग कमी, त्यामुळे वैशाखात नकाशा लावून रिक्षातून निघालो की फोन तापतो.

अक्षरांचे दुःख वेगळेच. चाळिशी उलटली की जवळचे दिसणे कमी होते, आणि अक्षर मोठे करावे तर एका पडद्यावर चार ओळी राहतात. इस्पितळात आईचा अहवाल मी अंगठ्याने डावीउजवीकडे ओढून वाचला. डावीकडे तपासणीचे नाव दिसे तेव्हा उजवीकडचा आकडा दिसेना. आणि मराठी लिहिणे! ५.४ इंची पडद्याच्या रुंदीत दहा बटणे बसवली तर एकेकाला जेमतेम पावणेसहा मिलिमीटर येतात, आणि आपल्या वर्णमालेत फ-ब शेजारी शेजारी. गेल्या दिवाळीत मी एका स्नेह्याला 'फराळाला या' असे लिहिले. त्याला मिळाले 'बराळाला या'. त्याचे उत्तर आले, "बरळायला केव्हाही येऊ."

अशा या फोनची स्तुती करणारे पुष्कळ आणि विकत घेणारे थोडे. सोनीची कॉम्पॅक्ट मालिका २०१८ साली थांबली. अ‍ॅपलने २०२२ साली मिनीची जागा ६.७ इंची 'प्लस'ला दिली आणि २०२३च्या सप्टेंबरात १३ मिनीची विक्रीही बंद केली. असूसने झेनफोन ८, ९ आणि १० हे तिन्ही ५.९ इंचांवर आवरले होते; २०२४ साली तेही ६.७८ इंचांवर गेले. 'कॉम्पॅक्ट' हा शब्द मात्र राहिला आणि त्याचे माप वाढले. २०२५ साली आपल्याकडे आलेला वनप्लस १३एस हा ६.३२ इंचांचा फोन कॉम्पॅक्ट म्हणूनच विकला गेला. त्यात चांगली बाब अशी, की सिलिकॉन-कार्बन जातीच्या नव्या बॅटरीमुळे तेवढ्या जागेत ५,८५० मिलिअँपिअर-तास बसले. म्हणजे वर सांगितलेले मोठे दुखणे हटत आहे; फक्त फोन पूर्वीइतका लहान उरला नाही आणि वजनही १८५ ग्रॅम झाले.

तेव्हा माझा सल्ला असा. ज्याच्या दिवसात दुसरा पडदा आहे, म्हणजे कचेरीत संगणक, घरी लॅपटॉप, आणि दुपारी चारच्या सुमारास हाताशी एखादा प्लग, त्याने खुशाल लहान फोन घ्यावा. त्याला तो सुख देईल आणि शिस्तही लावील. दुकानात तीन परीक्षा कराव्यात. एका हातात धरून अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याला लावून पाहावा. मावशीकडून आलेला एखादा लांबलचक मराठी संदेश चष्म्याविना वाचून पाहावा. आणि जुना घेत असल्यास त्याच्या बॅटरीची उरलेली क्षमता किती टक्के आहे ते आधी पाहावे. ज्याला फोन हीच बँक, तीच शिकवणी, तोच सिनेमा आणि तेच पत्रपेटीचे दार, त्याने मात्र लोक काहीही म्हणोत, मोठाच घ्यावा. त्याला मोठा पडदा चैन नव्हे; घरातला तेवढा एकच पडदा आहे.

आणि शेवटी एका रिवाजाविषयी बोलणे भाग आहे. दिवाळीत मुलगा नवा फोन घेतो आणि जुना आईला देतो, ही चाल घरोघर आहे. हेतू चांगला असतो. परंतु तो जुना फोन लहान असला, तर घरात ज्यांची नजर सर्वांत अधू, बोटे सर्वांत थरथरती आणि एकटे बसण्याचे तास सर्वांत जास्त, त्यांच्या हाती सर्वांत बारीक अक्षरे आणि सर्वांत थकलेली बॅटरी जाते. आई तक्रार करीत नाही. नातीचा फोटो डोळ्यांपाशी नेऊन ती विचारते, "अरे, ही हसते आहे ना?"

फराळाचे ताट आपण आधी वडीलधाऱ्यांपुढे ठेवतो. यंदा घरात एकच नवा फोन येणार असेल, तर तो मोठा घ्यावा आणि तिला द्यावा. आपल्या मुठीत काय, जुनाही मावतो.