जातानाही भाडे आमचे, येतानाही भाडे आमचे!



मृगाच्या आधी भामरागड तालुक्यातले कुटुंब बाजाराला निघते ते आठवड्याच्या मीठमिरचीसाठी नव्हे, तर पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या बेगमीसाठी. पर्लकोटा नदीला पूर आला की पुलावरून पाणी जाते आणि भामरागड जगापासून तुटते. २०१९ साली तुटले, २०२४ साली तुटले. म्हणून मीठ, तेल, डाळ, गूळ, साबण सारे एकदमच घ्यावे लागते. तेंदूपानाचा हंगाम नुकताच आटोपलेला असतो, हाती चार पैसे असतात. पण घरी मांडलेला हिशेब दुकानात मोडतो. पिशवी अर्धीच भरते आणि कनवटीचे पैसे संपतात.

मग शहाणे लोक सांगतात, आदिवासीला हिशेब कळत नाही, शेतकऱ्याला काटकसर जमत नाही. हिशेब आम्हाला पुरता कळतो. आज तोच मांडतो.

आलापल्लीहून भामरागड साठ-पासष्ट किलोमीटर. या रस्त्याने धान, मोह, हिरडा बाहेर जातो तेव्हा व्यापारी म्हणतो, "गाडीभाडे पडते, भाव कमीच मिळेल." त्याच रस्त्याने मीठ-तेल आत येते तेव्हा दुकानदार म्हणतो, "गाडीभाडे पडते, भाव जास्तच लागेल." रस्ता तोच, गाडी तीच, भाडे मात्र दोन्ही वेळा आमच्याच खिशातून!

कोरपना-राजुऱ्याच्या कापूसवाल्यांनो, ज्वारीवाल्यांनो, हे दूर रानातले गाऱ्हाणे समजू नका. आपण कापूस विकतो आणि त्याच कापसाच्या सरकीची ढेप जनावरांसाठी विकत आणतो. विकतो घाऊक, घेतो किरकोळ. २०२५-२६ च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३,६९९ रुपये ठरला, म्हणजे किलोला पुरते ३७ रुपयेही नाहीत. साबणाच्या वडीवर किंमत कारखान्यातच छापली जाते. आमच्या पोत्यावर कोणती किंमत छापलेली असते? ती काट्यापाशी दुसराच कोणी बोलतो.

वर कराचा न्याय पाहा. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या धान्य-डाळ-पिठाच्या पाकिटांवर ५ टक्के जीएसटी बसला. त्याहून मोठे पोते मात्र करातून सुटले. ज्याची पोते घेण्याची ऐपत त्याला सूट, पाकीट घेणाऱ्याला दंड!

कोणी म्हणेल, दुकानदाराला झोडपा. गावातला छोटा दुकानदारही त्याच तुटणाऱ्या रस्त्यावर बसला आहे. पावसाळ्याआधी त्याचेही पैसे मालात अडकतात. प्रश्न एका गल्ल्याचा नाही, व्यवस्थेचा आहे.

रस्ता तुटणार हे सरकारला ठाऊक नाही काय? चांगले ठाऊक आहे! नवसंजीवन योजनेत दुर्गम गावांना पावसाळ्याआधीच रेशनचे धान्य पोचवले जाते. मग त्या भाताला मीठ नको? वरण नको? फोडणीला तेल नको?

आमचे मागणे भिकेचे नाही. पहिले, त्या धान्याबरोबरच मीठ, तेल, डाळ आलापल्लीच्या घाऊक भावाने गावात पोचवा; वाहतुकीचा बोजा सरकारने उचलावा. दुसरे, रस्ता आणि पूल बारमाही करा. तिसरे काम आपले आपणच करायचे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ साली आपला बांबू आपण विकला. जी ग्रामसभा बांबू विकू शकते, ती गावाचे मीठ-तेल एकत्र, घाऊक आणू शकत नाही काय?

जिल्हा मेळाव्याला येताना दोन कागद सोबत आणा : माल विकल्याची पट्टी आणि किराणा घेतल्याची चिठ्ठी. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवू आणि कलेक्टरसाहेबांना एकच विचारू : एका रस्त्याचे भाडे आमच्याकडून किती वेळा घेणार?