ईमेलचा कागद अम्मींना वाचता यावा म्हणून

येरवड्याच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे अम्मी-अब्बा उमऱ्याला निघाले आहेत. टूरवाल्याने विमानाच्या वेळा, मक्का-मदिनेतल्या हॉटेलांचे पत्ते, गटप्रमुखाचा नंबर असे सगळे एका ईमेलमध्ये पाठवले. शादलबाबा दर्ग्याजवळच्या झेरॉक्सच्या दुकानातून त्याची प्रिंट काढली, तर अक्षरे मुंगीएवढी आणि उजवीकडचा रकाना कापलेला. नेमके त्याच रकान्यात फोन नंबर होते! अम्मी मराठी शाळेत शिकलेल्या, अब्बांना उर्दू सोयीची. परक्या शहरात दोघांची चुकामूक झाली तर हा कागद एकट्याने वाचता आला पाहिजे, ही त्यांची काळजी रास्तच आहे.

दोष बहुधा दुकानदाराचा नसतो. असे ईमेल पडद्यासाठी बनवलेले असतात आणि त्यातल्या तक्त्याची रुंदी आधीच ठरलेली असते. तो तक्ता कागदावर मावत नाही, मग संगणक एकतर सगळे आकसून छापतो, नाहीतर कडा कापतो. मोबाइलवर अक्षर मोठे करून ठेवले असले तरी छपाईला त्याचा उपयोग नाही. स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून छापणे तर त्याहून वाईट, आकडे पुसट होतात. 3 आहे की 8 ते कळत नाही.

जीमेलमध्ये त्या ईमेलशेजारचे तीन ठिपके दाबून ‘प्रिंट’ निवडा. संगणकावर वरच्या कोपऱ्यातले प्रिंटरचे चिन्ह दाबले तर आधीची सगळी पत्रोत्तरेही छापली जातात आणि कागद वाया जातो. प्रिंटच्या खिडकीत आधी कागदाचा आकार बघा. तिथे ‘लेटर’ असेल तर ‘ए४’ करा. लेटर हा अमेरिकी कागद 216 बाय 279 मिलिमीटरचा, आपला ए४ 210 बाय 297 चा. तो फरक कडेच्या अक्षरांना भोवतो. मग ‘मोअर सेटिंग्ज’मध्ये ‘स्केल’ 100 वरून 125 करून बघा. तक्ता कापला जाऊ लागला तर कागद आडवा घ्या.

तरीही जमले नाही तर माझ्या मते ईमेलच्या मागे लागूच नये. हवा तेवढा मजकूर कॉपी करा, वर्डमध्ये ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ने चिकटवा आणि स्वतःचा एक पानी कागद बनवा. नंबर हाताने टाइप करू नका, कॉपीच करा. मोठ्या टाइपातली पुस्तके साधारण 16 पॉइंट किंवा त्याहून मोठ्या अक्षरात असतात, तोच हिशेब धरा. हा पॉइंट जुन्या छापखान्यांकडून आलेला आहे, 72 पॉइंटांचा एक इंच. (येरवड्याला हे नवे नाही. इथल्या तुरुंगाच्या छापखान्यात मुंबई इलाख्याची सरकारी प्रकाशने छापली जात.) पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. ‘कोकिळा’ फाँटचे 16 पॉइंट ‘मंगल’च्या 16 पेक्षा बरेच बारीक दिसतात. मराठीला मंगल किंवा निर्मला घ्या.

सोबतची मराठी फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेली असणार. दुकानातल्या संगणकात तो फाँट नसतो. पाठवणाऱ्याला पीडीएफ मागा. पीडीएफमध्ये सहसा फाँट आतच येतो.

अब्बांच्या उर्दू कागदाला थोडी जास्त मेहनत आहे. संगणक पुष्कळदा उर्दू मजकूर अरबी वळणाच्या नस्खमध्ये दाखवतो आणि नस्तालीकची सवय असलेली नजर त्यावर अडखळते. गूगलचा ‘नोटो नस्तालीक उर्दू’ मोफत मिळतो. परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करा, नाहीतर पूर्णविराम आणि आकडे भलत्याच टोकाला जातात. नस्तालीकचे शब्द तिरके उतरतात, म्हणून दोन ओळींत अंतरही वाढवा. ते कमी पडले तर वरच्या अक्षरांची डोकी कापली जातात.

ईमेलमध्ये आलेल्या अरबी दुआ मात्र या कागदावर चिकटवू नका. फाँट बदलताना जेर-जबर जागचे हलू शकतात. दुआंसाठी घरातले छापील पुस्तकच सोबत द्या.

दुकानात स्वतःचे ईमेल उघडून बसण्यापेक्षा पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या. पासपोर्टची प्रत असेल तर छपाईनंतर ती तिथल्या संगणकावरून पुसायला सांगा, ‘रिसायकल बिन’मधूनही.

आधी एकच प्रत काढा. मगरिबनंतर, घरातल्या नेहमीच्या उजेडात, ती अम्मींच्या हातात द्या आणि गटप्रमुखाचा नंबर मोठ्याने वाचायला सांगा. अडखळल्या तर अक्षर 18 करा. मग दोघांच्या दोन-दोन प्रती काढा. एक गळ्यातल्या पाउचमध्ये, एक हातातल्या पिशवीत. विमानात जमा होणाऱ्या बॅगेत एकही नको.