फासा कोणी पाहिला?

गेल्या भाऊबीजेला आमच्या घरी दोन लढाया एकदम लागल्या होत्या. एक अंगणात. धाकट्या मुलांनी विटा, माती आणि जुने गोणपाट यांचा किल्ला उभारला होता, उतारावर अळीव पेरले होते, बुरुजाबुरुजावर मातीचे मावळे होते आणि माथ्यावर सिंहासनस्थ महाराज. दुसरी लढाई आत, जेवणाच्या टेबलावर. पुण्याहून आलेल्या माझ्या भाच्याने चकल्या-करंज्यांचे डबे बाजूला सारून तेथे आपले सैन्य मांडले होते. शिपाई प्लास्टिकचे, बोटाच्या दोन पेरांएवढे, त्याने स्वतः बारीक कुंचल्याने रंगविलेले. युद्धाचा काळ म्हणाल तर आजपासून अडतीस हजार वर्षांनंतरचा! १९८७ साली इंग्लंडात निघालेला ‘वॉरहॅमर ४०,०००’ नावाचा हा खेळ आहे.

प्रतिपक्ष मात्र घरात नव्हता. भाच्याचा कॉलेजातला मित्र सध्या इंग्लंडात असतो. दोघांनी आपापल्या टेबलावर एकाच मापाचे मैदान आखले होते आणि वर टांगलेल्या मोबाईलमधून ते एकमेकांचे टेबल पाहात होते. मित्राच्या शिपायांऐवजी आमच्याकडे औषधाच्या बाटल्यांची टोपणे उभी होती. तिकडचा शिपाई सहा इंच पुढे आला, की इकडे मोजपट्टी लावून एक टोपण सहा इंच पुढे सरके. तिकडे फासे पडत. ते काही नीट दिसत नसत. मित्र आकडा सांगे आणि भाचा मान डोलावी.

आमचे दाजी हे सारे लाडू खात पाहात होते. दाजी बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाचा माणूस. त्यांना राहवेना. “अहो मास्तर,” ते मला म्हणाले, “तो तिकडे पाच पडले म्हणतो आणि हा इकडे दोन शिपाई उचलून ठेवतो. फासा कोणी पाहिला? त्यापेक्षा सरळ संगणकावर खेळावं. तिथं नियम मोडायची सोयच नाही!”

दाजींचा मान ठेवून मी त्या दिवशी गप्प बसलो. मात्र हे मत एकट्या दाजींचे असते तर मी आज लेखणी उचलली नसती. पालकसभेत मी हेच ऐकतो, शिक्षकांच्या खोलीतही हेच ऐकतो, आणि एका शाळेत तर बुद्धिबळाचे लाकडी पट कपाटात बंद करून मुलांच्या हाती पडदे दिलेले मी डोळ्यांनी पाहिले आहे. कारण काय, तर पडद्यावर भांडणे होत नाहीत. तेव्हा दाजींना द्यावयाचे उत्तर येथे देतो.

दूर बसून खेळणे हे मोबाईलचे अपत्य नव्हे. १८२४ ते १८२८ या काळात लंडन आणि एडिंबरो या दोन नगरांच्या मंडळांत पत्राने बुद्धिबळाचा सामना झाला. लंडनकरांनी एक खेळी पोस्टात टाकली आणि मग त्यांना पश्चात्ताप झाला. ती मागे घेऊ द्या असे त्यांनी कळविले. एडिंबरोने नकार दिला. पुढे सामनाही एडिंबरोने जिंकला. आपल्याकडे १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद असा पत्राने सामना झाला. मद्रासच्या बाजूला गुलाम कासीम हा नामांकित खेळाडू होता. त्या वेळी या मुलखात आगगाडीसुद्धा नव्हती! टपालवाल्याच्या पायांवर हत्ती-घोडे चालत होते आणि दुसऱ्या टोकाला कोण कोणाचा सल्ला घेतो आहे हे पाहावयास कोणीही नव्हते.

माझ्या वडिलांनी बार्शीच्या एका वकिलांशी साडेतीन वर्षे एक डाव पंधरा पैशांच्या कार्डावर खेळलेला मी लहानपणी पाहिला आहे. दोघेही जुन्या वळणाचे, देशी पद्धतीने खेळणारे. पहिल्या कार्डावर खेळी नव्हतीच, नुसती बोली होती. प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालेल. किल्लेकोट नाही; त्याऐवजी राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची उडी. प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचेल तेच मोहरे होईल. नुसता राजा उरला तर बुर्जी. वकिलांचे उत्तर आले, त्यात एका कलमाला हरकत होती. बोली पक्की व्हायलाच तीन आठवडे गेले, आणि मग पहिले प्यादे हलले.

एकदा वडिलांनी घर चुकीचे लिहिले. कार्ड पेटीत पडल्यावर त्यांच्या ध्यानात आले. पोस्टमन ओळखीचे; पेटी उघडताना मी उभा राहिलो असतो तर त्यांनी कार्ड परत दिलेही असते. मी तसे म्हणालो. वडील म्हणाले, “पडलं ते पडलं.” हत्ती गेला. एडिंबरोची हकीकत मी पुढे कितीतरी वर्षांनी वाचली. वडिलांनी तर ती कधीच ऐकलेली नव्हती.

हे आमच्या सोलापुरात सहज उमजण्यासारखे आहे. येथे एका गल्लीत मराठी, दुसरीत तेलुगू, तिसरीत कानडी, चौथीत उर्दू. आमचा हत्ती एका ओट्यावर ‘एनुगु’ होई, दुसऱ्यावर ‘आने’. नुसती नावेच नव्हे, नियमही ओट्याओट्याला थोडे निराळे. गिरणीतून सुटलेला माणूस परक्या ओट्यावर बसला की आधी विचारी, “तुमच्यात कसं खेळतात?” या प्रश्नावाचून पहिली चाल होत नसे. देशी नियम परत आणा असे मी म्हणत नाही. ते गेले हे ठीकच झाले. १९५१ साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५५ मध्ये एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आपले रामचंद्र सप्रे तेथे डी. वेंकय्यांच्या बरोबरीने विजेते ठरले. जगाशी खेळावयाचे तर जगाच्या नियमाने खेळले पाहिजे. माझे दुःख वेगळे आहे. नियम गेले त्याचे नव्हे, “तुमच्यात कसं खेळतात?” हा प्रश्न गेला त्याचे.

पडद्यावर तो विचारावाच लागत नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा मोबाईलवर तरबेज झाला होता. त्याला मी लाकडी पटावर बसविले. त्याच्या राजाला शह होता आणि त्याने भलतेच प्यादे उचलून पुढे ठेवले. समोरच्या मुलीने हरकत घेतली तेव्हा तो माझ्याकडे पाहात राहिला. “पण सर, ते चाललं कसं मग?” पडद्यावर असे प्यादे हलतच नाही; त्याची समजूत अशी, की जे हलते ते नियमात बसते. पट काही बोलला नाही, याचे त्याला खरोखर नवल वाटले. दाजी, नियम मोडायची सोय नसलेल्या खेळाने हे पोर घडविले आहे! त्याने कधी नियम मोडला नव्हता हे खरे, पण पाळलाही नव्हता. ते काम यंत्र करीत होते.

बरे, यंत्र तरी सगळे निस्तरते काय? २०२० साली करोनामुळे ऑलिंपियाड संगणकावर झाले. अंतिम फेरीत भारत आणि रशिया. दुसऱ्या लढतीत भारताच्या निहाल सरीनचा आणि नागपूरच्या दिव्या देशमुखचा संपर्क तुटला आणि घड्याळाने दोघांनाही हरविले. यंत्राच्या हिशेबाने निकाल लागला होता. भारताने दाद मागितली, आणि जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिले. त्यावर कुरकुर झाली. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण घड्याळाला न कळलेले समजण्यासाठी शेवटी माणूसच लागला की नाही? (हीच दिव्या २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, हे येथे सांगितल्यावाचून मला राहवत नाही.)

दूरच्या खेळात लबाडी होते, हे मला मान्य आहे. पत्रबुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने तर संगणकाचे साहाय्य घ्यावयास उघड परवानगीच देऊन टाकली. परिणाम असा, की तेथल्या अलीकडच्या अजिंक्यपदाच्या अंतिम स्पर्धांत बहुतेक सारे डाव बरोबरीत सुटतात. चोरी थांबविली खरी, पण घरात चोरण्यासारखे काही उरलेच नाही! आणि लबाडीला अंतर लागते असे कोणी सांगितले? रमीच्या डावात शेजाऱ्याच्या पानांत डोकावणारे गृहस्थ समोरासमोरच बसलेले असतात. नाव सांगत नाही; ताई हे वाचणार आहे.

आता भाच्याच्या खेळाविषयी. तो मला सर्वस्वी पसंत आहे असे नाही. शिपाई महाग, आणि कंपनी नियमांचा ग्रंथ सारखा बदलते: २०१७, २०२०, २०२३. जुने पुस्तक रद्दीत घाला, नवे घ्या. हा धंदा झाला. पण या दोन पोरांनी काय केले होते? त्यांनी नवे पुस्तक घेतलेच नव्हते. जुनेच नियम, त्यांत दोन कलमे आपसांत बदललेली, एका कागदावर लिहून दोघांच्या भिंतीवर चिकटवलेली. तो कागद मी वाचला तेव्हा मला बार्शीचे कार्ड आठवले.

आणि डावही पाहण्यासारखा झाला. तिन्हीसांजेपर्यंत भाच्याचे तीन हिश्श्यांहून अधिक सैन्य डब्यात परत गेले होते. दाजींनी निकाल जाहीरही केला. पण या खेळात गुण मुख्यतः राखलेल्या जागांचे असतात, मारलेल्या मुंडक्यांचे नव्हे. भाच्याने पाच शिपाई एका पडक्या भिंतीआड शेवटपर्यंत रोवून धरले होते आणि उरलेले दोन दुसऱ्या टोकाच्या जागेवर पोहोचविले होते. अंगणातल्या पोरांना मी बोलावून ते दाखविले. बाजीप्रभू १६६० साली खिंडीत काय करीत होते हे त्यांना धड्यापेक्षा त्या भिंतीआड लवकर कळले.

शेवटचा फासा भाच्याचा होता. तीन किंवा अधिक हवे होते. फासा डब्याला आपटून टेबलाखाली गेला. मोबाईलला तो दिसणे शक्य नव्हते. भाचा वाकला, आणि वर न येताच म्हणाला, “दोन.” दाजींनी लाडू खाली ठेवला आणि स्वतः वाकून पाहिले.

दोनच होते. त्या फाशाने एक जागा गेली आणि डाव बरोबरीत सुटला.

या दिवाळीला दाजी पुन्हा येणार आहेत. त्यांच्यासाठी मी पोस्टकार्डांची एक चळत आणून ठेवली आहे. पहिल्या कार्डावर खेळी नसेल. तुमच्यात कसे खेळतात, एवढेच विचारलेले असेल.