शिल्पकाराचा श्वास

राजस्थानातील सिरोही जिल्ह्यात अबू पर्वतावर दिलवाड्याची मंदिरे उभी आहेत. त्याच जिल्ह्यातील पिंडवाडा येथे आजही दूरदूरच्या मंदिरांचे स्तंभ आणि तोरणे घडतात. मात्र छिन्नी-हातोड्याच्या जोडीला आता विजेवर फिरणारी चक्री आली आहे. वालुकाश्म कोरडा कापताना उडणारी सिलिकेची सूक्ष्म धूळ कारागिराच्या फुप्फुसांत रुतते, तेथे व्रण धरतात आणि श्वास आखडत जातो. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही. पुष्कळदा क्षय समजून भलतेच उपचार चालू राहतात. राजस्थान शासनाच्या २०१९ च्या धोरणानुसार रुग्णास ३ लाख व मृत्यूनंतर कुटुंबास २ लाख रुपये मिळतात; गेलेला श्वास मात्र परतत नाही.

हा रोग टाळता येतो. कापताना दगडावर पाण्याची धार धरावी, धूळ शोषणारे यंत्र बसवावे. मंदिराचे काम सोपवताना विश्वस्तांनी कोरीवकामाइतक्याच बारकाईने ही व्यवस्था पाहावी व तिचा खर्च करारातच धरावा. सूक्ष्म जीवांची जयणा पाळणाऱ्या समाजाने मंदिर घडवणाऱ्या हातांची जयणा कशी विसरावी?