कॉलेज मिळेल का, आणि मानवेल का?

अमेरिकेतल्या लहान, निवडक लिबरल आर्ट्स कॉलेजांच्या अर्जांचे दिवस जवळ आले की पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "चान्स किती?" प्रश्न स्वाभाविकच आहे. विल्यम्स, अ‍ॅम्हर्स्ट, स्वार्थमोर, पोमोना ही कॉलेजं अलीकडे शंभर अर्जदारांतल्या दहांनाही प्रवेश देत नाहीत, आणि तिथला वर्षाचा एकूण खर्च ८५ हजार डॉलरच्या पुढे गेला आहे. तरीही माझं मत स्पष्ट आहे. हा प्रश्न दुसरा विचारायचा. मुलाला तिथून नेमकं काय हवंय, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं नसेल तर टक्केवारी कितीही चाळली तरी निर्णय होत नाही.

आपली अडचण अशी की आपण कटऑफवर वाढलेली माणसं आहोत. अकरावीची गुणवत्ता यादी, सीईटीचं पर्सेंटाइल, कॅपची फेरी. एक रेघ असते, तिच्या वर असलात की जागा तुमची. या कॉलेजांत अशी रेघच नसते. ती पाचशे मुलांचा एक वर्ग जुळवत असतात. त्यात ऑर्केस्ट्रात वाजवणारे हवेत, भौतिकशास्त्रात रमणारे हवेत, खेड्यापाड्यांतून आलेले हवेत. विल्यम्स आणि अ‍ॅम्हर्स्टमध्ये साधारण एक तृतीयांश विद्यार्थी कॉलेजच्या संघांतून खेळतात. काही कॉलेजं माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना झुकतं माप देतात. अ‍ॅम्हर्स्टने ती प्रथा २०२१ मध्ये बंद केली. त्यामुळे छापून येणारी टक्केवारी सगळ्यांची सरासरी असते, तुमच्या मुलाची नसते.

हिशेब करून पाहू. समजा, एका कॉलेजकडे १०,००० अर्ज आले आणि ९०० जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे ९ टक्के. यातले १,००० अर्ज 'अर्ली डिसिजन'चे, म्हणजे आधी भरायचे बांधील अर्ज होते आणि त्यांतून २५० घेतले, तर तिथे २५ टक्के. उरलेल्या ९,००० मधून ६५०, म्हणजे सात टक्क्यांच्या आसपास. त्यातले २,५०० अर्ज परदेशी विद्यार्थ्यांचे आणि त्यांतून ७५ निवडले, तर तीनच टक्के. आकडे मी समजुतीसाठी घेतलेत, पण उतरण अशीच असते.

आर्थिक मदत मागितली की ही टक्केवारी आणखी उतरते. अमेरिकी सरकारची मदत परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, ती कॉलेजच्याच तिजोरीतून द्यावी लागते. म्हणून बहुतेक कॉलेजं परदेशी अर्जदाराला निवडताना त्याची पैशांची गरज लक्षात घेतात. अ‍ॅम्हर्स्ट आणि बोडन यांच्यासारखी मोजकी कॉलेजं ती न पाहता निवड करतात. पुण्याजवळ मुळशी खोऱ्यात युनायटेड वर्ल्ड कॉलेज आहे. तिथली मुलं अशा कॉलेजांत जाताना दिसतात, पण त्यांच्यामागे २००० साली सुरू झालेल्या डेव्हिस शिष्यवृत्ती योजनेचं आर्थिक पाठबळ असतं. त्यांच्या निकालांवरून आपल्या घरचा अंदाज बांधू नये.

आणखी एक समज मला वारंवार भेटतो : दहा कॉलेजांत दहा-दहा टक्के शक्यता, म्हणजे कुठेतरी नक्की लागेल. साध्या संभाव्यतेच्या गणितानेही ती ६५ टक्क्यांवर थांबते, आणि तेही दहा निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर. प्रत्यक्षात तेच गुण, तोच मुख्य निबंध, तीच शिफारसपत्रं आणि पैशांची तीच गरज दहाही ठिकाणी जाते. एकाने ज्या कारणाने नाकारलं, त्याच कारणाने बाकीचेही नाकारू शकतात.

ज्यांना खरे आकडे हवेत त्यांनी प्रत्येक कॉलेजचा 'कॉमन डेटा सेट' उघडावा. सी विभागात अर्ज, प्रवेश आणि अर्ली डिसिजनचे आकडे असतात; कॉलेज गुणांना, निबंधाला, मुलाखतीला किती वजन देतं हेही असतं. एच विभागात किती परदेशी विद्यार्थ्यांना मदत मिळाली आणि सरासरी किती, ते सापडतं. तासाभराचं काम आहे. सल्लागाराला फी देण्याआधी ते घरीच करा.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ही कॉलेजं यादीत एकाखाली एक दिसतात, पण त्यांच्यातलं रोजचं जगणं फार वेगवेगळं आहे. विल्यम्समध्ये ट्युटोरियल असतात : दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. एका आठवड्यात एक जण निबंध लिहून आणतो आणि दुसरा त्याची चिकित्सा करतो; पुढच्या आठवड्यात भूमिका बदलतात. मागच्या बाकावर लपायची सोय नाही. स्वार्थमोरमध्ये १९२२ पासून ऑनर्सची परंपरा आहे. तिथे शेवटची परीक्षा बाहेरून आलेले अभ्यासक घेतात, तोंडीसुद्धा. अ‍ॅम्हर्स्टमध्ये पहिल्या वर्षाचं एक चर्चासत्र आणि मुख्य विषय सोडला तर काहीच सक्तीचं नाही. कार्लटनमध्ये दहा आठवड्यांच्या तीन सत्रांत वर्ष संपतं. आठवडाभर आजारी पडलात तर सत्राचा दहावा हिस्सा गेला. ग्रिनेल कॉलेज आयोवातल्या जेमतेम नऊ हजार वस्तीच्या गावात आहे, मोठं शहर तासाभराच्या अंतरावर, आणि हिवाळा हाडं गोठवणारा.

शंभर-सव्वाशेच्या वर्गात नोट्स उतरवून बोर्डात पंच्याण्णव टक्के मिळवलेल्या मुलीला विल्यम्सचं ट्युटोरियल फुलवेल किंवा कोमेजवून टाकेल. विज्ञान की वाणिज्य, हे कायम दुसऱ्यांनी ठरवलेल्या मुलाला अ‍ॅम्हर्स्टची मोकळीक वरदान वाटेल किंवा ओझं. यातलं काय होईल, हे कुठल्याही क्रमवारीत छापलेलं नसतं. ते त्या मुलालाच विचारावं लागतं, आणि उत्तर यायला वेळ द्यावा लागतो.

उत्तर नेमकं आलं की शक्यतेचा प्रश्नही हलका होतो, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. समजा, मुलगी म्हणाली, "मला एका प्राध्यापकांबरोबर वर्षभर स्वतःचं संशोधन करायचंय." मग ओहायोतलं वूस्टर कॉलेज पाहा. तिथे शेवटच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली असा प्रकल्प करावाच लागतो, आणि ते कॉलेज निम्म्याहून अधिक अर्जदारांना प्रवेश देतं. मुलगा म्हणाला, "वर्ग लहान हवा, पण शहर जवळ हवं," तर सेंट पॉल शहरातलं मॅकॅलेस्टर आहे; कोफी अन्नान तिथेच शिकले. जे हवं आहे त्याला नाव देता आलं की ते अनेक ठिकाणी सापडतं. नाव देता येत नसेल, तर आपण कॉलेजच्या प्रतिष्ठेमागे धावतो आहोत, हे घरात मोकळेपणाने बोलावं.

म्हणूनच अर्ली डिसिजनबद्दल माझा आग्रह आहे. हा बांधील अर्ज आहे. नोव्हेंबरात भरायचा, डिसेंबरात होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. तिथली जास्त टक्केवारी पाहून अनेक घरं 'सोपं पडेल' म्हणून एखादं कॉलेज उचलतात. त्या टक्केवारीत प्रशिक्षकांनी आधीच हेरलेले खेळाडू मोजलेले असतात, हे विसरतात. मदत अपुरी पडली तर बांधिलकीतून सुटता येतं, पण चार कॉलेजांची मदत शेजारी ठेवून तुलना करायची संधी गेलेली असते. जिथे चार वर्षं राहायची मनापासून इच्छा आहे आणि खर्चाचा हिशेब आधीच बसलेला आहे, तिथेच हा अर्ज करावा. टक्केवारी वाढवण्यासाठी तो खर्ची घालू नये.

बाकीची यादी आठ-दहा नावांची पुरे. त्यात दोन-तीन कॉलेजं अशी असावीत जिथे प्रवेशही शक्य आहे आणि खर्चही. आपल्याकडचं अशोका किंवा पुण्याचं फ्लेमसुद्धा त्यात मानाने बसू शकतं. प्रत्येक नावापुढे मुलाने स्वतःच्या शब्दांत दोन ओळी लिहाव्यात : इथे मी रोज काय करणार, आणि इथे मला काय जड जाईल. ज्या नावापुढे या ओळी लिहिता येत नाहीत, ते खोडावं. आणि यादीतलं शेवटचं नावही असं असावं, की तिथून होकार आला तर घरात पेढे वाटावेसे वाटतील.